४९९ डॉलरची भिंत आणि ९९ डॉलरची झुंबड : एचपी टचपॅडचे प्रकरण

२० ऑगस्ट २०११ हा शनिवार होता. त्या दिवशी अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजेच एचपी कंपनीच्या 'टचपॅड' या टॅब्लेटची किंमत अचानक ९९ डॉलरवर आली आणि दुकानांतला आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडचा साठा बघता बघता संपला. हेच यंत्र १ जुलैला ४९९.९९ डॉलरला बाजारात आले होते आणि मधल्या सात आठवड्यांत दुकानांच्या फळ्यांवर धूळ खात पडले होते. झुंबड उडण्याच्या दोनच दिवस आधी, १८ ऑगस्टला, कंपनीने टचपॅड आणि त्याच कुळातले फोन बनवणे आपण बंद करत असल्याचे जाहीर केले होते. जे यंत्र चालू धंद्यात कोणी घेत नव्हते, तेच धंदा बंद झाल्याची बातमी फुटल्यावर लोकांनी हातोहात उचलले.

या घटनेचा अर्थ बहुतेक वेळा एका वाक्यात लावला जातो : एचपीने आधीच किंमत उतरवली असती, तर टचपॅड चालला असता. मला हा अर्थ चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा का हे समजून घेतले तर टॅब्लेटच्या बाजारात त्या दोन-तीन वर्षांत किमती कशा ठरल्या, याचा बराचसा उलगडा होतो.

४९९ हा आकडा

२७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड हा टॅब्लेट लोकांसमोर आणला. बाजारातले जाणकार हजार डॉलरच्या जवळपासची किंमत सांगत आहेत, असे म्हणत त्यांनी पडद्यावर ९९९ हा आकडा ठेवला आणि मग तो फोडून त्याच्या जागी ४९९ आणला. एखाद्या कसलेल्या दुकानदाराने मोठा भाव सांगून नंतर खरा भाव उघड करावा, तशी ही मांडणी होती. पण तिच्यामागचा निर्णय निव्वळ सादरीकरणापुरता नव्हता.

ॲपलची ओळख महाग माल विकणारी कंपनी अशी आहे आणि संगणक व फोन यांच्या बाबतीत ती खरीही आहे. आयपॅडची गोष्ट वेगळी होती. २०१२ मध्ये सॅमसंगबरोबरच्या खटल्यात ॲपलला काही आकडे न्यायालयात द्यावे लागले. त्यांवरून दिसते की अमेरिकेत आयफोनवरचा ढोबळ नफा विक्रीच्या ४९ ते ५८ टक्के असताना आयपॅडवरचा ढोबळ नफा २३ ते ३२ टक्क्यांच्या पट्ट्यात होता. म्हणजे जिथे समोर अजून कोणी स्पर्धक उभा नव्हता, तिथेच ॲपलने आपला नफा निम्म्यावर आणून ठेवला होता. अर्थशास्त्रात अशा किमतीला प्रवेशरोधक किंमत म्हणतात : आपल्याला परवडेल, पण नव्याने येणाऱ्याला परवडणार नाही, अशा जागी भाव बांधायचा. तसा हेतू होता की नाही हे ॲपलने कधी सांगितले नाही. परिणाम मात्र तोच झाला.

ॲपलला हे का परवडले आणि इतरांना का नाही, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आयपॅडचा प्रोसेसर कंपनीने स्वतः आखलेला होता आणि कार्यप्रणालीही (ऑपरेटिंग सिस्टीम) घरचीच होती. माल विकायला जगभर स्वतःची तीनशेहून अधिक दुकाने होती, त्यामुळे तिथे झालेल्या विक्रीत किरकोळ विक्रेत्याचा वाटा घरातच राहत असे. शिवाय सुट्या भागांच्या खरेदीत ॲपलने पैसा आधी ओतला होता. जानेवारी २०११ मध्ये ॲपलचे तेव्हाचे मुख्य परिचालन अधिकारी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना सांगितले की कंपनीने दीर्घ मुदतीच्या पुरवठा करारांसाठी ३ अब्ज ९० कोटी डॉलर बांधले आहेत. ज्याने पुरवठादाराच्या कारखान्याची क्षमताच आगाऊ बांधून घेतली आहे, त्याच्यामागून जो रांगेत उभा राहील त्याला पडदा आणि स्पर्शपटल उशिरा मिळणार आणि चढ्या भावाने मिळणार, हे उघड आहे. २०१० च्या नऊ महिन्यांत ॲपलने सुमारे १ कोटी ४८ लाख आयपॅड विकले. या आकड्यामुळे पुढच्या वर्षीची खरेदी आणखी स्वस्त झाली, आणि ॲप बनवणाऱ्यांना कोणत्या यंत्रासाठी आधी काम करायचे, हा प्रश्नच उरला नाही.

म्हणून ४९९ डॉलर ही जास्त किंमत होती, हा समज प्रतिस्पर्ध्यांना महागात पडला. ती कमी किंमत होती. बाहेरून बघणाऱ्याला तिच्या खाली बरीच मोकळी जागा दिसत होती, पण त्या जागेत उभे राहायला पायाखाली जमीन नव्हती.

आधी आलेले तिघे

या भिंतीवर डोके आपटणारी एचपी पहिली नव्हती. सॅमसंगचा ७ इंची गॅलेक्सी टॅब २०१० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला, तेव्हा मोबाइल कंपनीच्या कराराशिवाय तो घ्यायचा तर सुमारे ६०० डॉलर पडत होते. म्हणजे पडदा लहान आणि किंमत मोठी. मोटोरोलाचा झूम २४ फेब्रुवारी २०११ ला आला, कराराशिवाय ८०० डॉलरला. त्याचे मेमरी कार्ड सुरुवातीला चालत नव्हते, संकेतस्थळांवरचे व्हिडिओ चालवणारे फ्लॅश नंतर येणार होते आणि ४जी सुविधेसाठी यंत्र कंपनीकडे परत पाठवावे लागणार होते. पुढे ६०० डॉलरची वायफाय आवृत्ती आली, तरी वर्षाच्या पहिल्या तिमाहीत अडीच लाख आणि दुसऱ्या तिमाहीत ४ लाख ४० हजार नग एवढाच माल कंपनीने दुकानांकडे पाठवला. एप्रिल-जून याच तिमाहीत ॲपलने ९२ लाख ५० हजार आयपॅड विकले.

ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन कंपनीचा प्लेबुक १९ एप्रिलला आला. पडदा ७ इंची आणि किंमत थेट ४९९ डॉलर. ज्या कंपनीचे नावच ईमेलसाठी घेतले जाई, तिच्या टॅब्लेटवर सुरुवातीला स्वतःचे ईमेल नव्हते. त्यासाठी ब्लॅकबेरी फोन जोडावा लागे. या तिन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे. प्रत्येकाने ग्राहकाकडून आजची पूर्ण किंमत मागितली, आणि झूम व प्लेबुक यांनी तर मालाचा काही भाग उद्याच्या वायद्यावर ठेवला.

एचपीची पावले

एचपी त्या वेळी जगातली सर्वांत मोठी वैयक्तिक संगणक विकणारी कंपनी होती. तरी या धंद्यात तिच्या हाती पडणारा परिचालन नफा सहा टक्क्यांच्या आतबाहेर होता, कारण कार्यप्रणालीचे पैसे मायक्रोसॉफ्टकडे आणि प्रोसेसरचे इंटेलकडे जात. ॲपलसारखी स्वतःची कार्यप्रणाली असावी, ही इच्छा समजण्यासारखी होती. २८ एप्रिल २०१० रोजी एचपीने पाम ही कंपनी १ अब्ज २० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि १ जुलैला व्यवहार पूर्ण झाला. पामकडे वेबओएस ही कार्यप्रणाली होती. चालू असलेली ॲप पत्त्यांसारखी शेजारी शेजारी मांडून ठेवण्याची तिची पद्धत इतकी चांगली होती की पुढे इतरांनीही ती उचलली. पामची धुरा आयपॉडच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या जॉन रुबिनस्टाइन यांच्याकडे होती. तंत्रज्ञान आणि माणसे या दोन्ही बाबतींत एचपीने घेतलेला माल खोटा नव्हता.

पण ज्यांनी ही खरेदी केली ते एचपीचे प्रमुख मार्क हर्ड ६ ऑगस्ट २०१० रोजी पायउतार झाले, आणि त्यांच्या जागी सॅप या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या कंपनीत कारकीर्द झालेले लिओ आपोटेकर आले. मुलाचे लग्न ठरवणारे एक आणि संसार चालवायला आलेले दुसरेच, अशी ही स्थिती होती. ९ फेब्रुवारी २०११ ला टचपॅड जाहीर झाला, मात्र विक्रीला यायला आणखी जवळपास पाच महिने लागले. त्या मधल्या काळातच, ११ मार्चला, आयपॅड २ बाजारात आला. तो पहिल्यापेक्षा पातळ आणि वेगवान होता आणि त्याची किंमत तीच, ४९९ डॉलर, होती. टचपॅड ज्याच्याशी तुलना होईल असे धरून आखला गेला होता, ते यंत्रच बदलले होते.

दुकानात दोन्ही यंत्रे शेजारी ठेवल्यावर काय दिसत होते ते पाहू. दोघांचा पडदा ९.७ इंची, तेवढ्याच ठिपक्यांचा. आयपॅड २ चे वजन सुमारे ६०० ग्रॅम, टचपॅडचे सुमारे ७४०; जाडी ८.८ मिलिमीटरविरुद्ध १३.७. टचपॅडला मागचा कॅमेरा नव्हता. यंत्र अडखळते, अशी तक्रार जवळपास प्रत्येक परीक्षणात होती आणि ती दूर करणारी सुधारणा महिन्याभराने आली. आयपॅडसाठी खास लिहिलेली ९० हजार ॲप आहेत, असे ॲपलने जूनमध्ये सांगितले होते. टचपॅडसाठी अशी ॲप आरंभी ३०० च्या आसपास होती. १६ जीबी आवृत्तीची किंमत दोन्हीकडे एकच.

ही किंमत प्रतिस्पर्ध्याच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतलेली होती, असे मला वाटते. ग्राहकाला काय मिळते आहे, याचा हिशेब तिच्यात नव्हता. बरोबरीची किंमत लावणे म्हणजे आमचा माल बरोबरीचा आहे असे म्हणणे, आणि ज्या ग्राहकाला दोन्ही वस्तू हातात घेऊन बघता येतात त्याला हे पटण्याची शक्यता नव्हती.

महिना उलटला तशी किंमत हलू लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला तात्पुरती सवलत झाली, आणि १० तारखेच्या सुमारास १०० डॉलरची कपात कायमची करण्यात आली : १६ जीबीसाठी ४०० आणि ३२ जीबीसाठी ५०० डॉलर. त्यानंतर आठवड्याभरातच बातमी आली की बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने घेतलेल्या २ लाख ७० हजार नगांपैकी २५ हजारच्या आसपासच विकले गेले आहेत आणि उरलेला माल परत घ्या असे ती म्हणते आहे. आपल्याकडचे व्यापारी ज्याला माल अंगावर पडणे म्हणतात, ते इथे घडले होते. आणि ज्याच्या अंगावर तो पडला होता तो विक्रेता एचपीचे संगणक आणि प्रिंटरही विकत होता, त्याला दुखावून चालणार नव्हते. १८ ऑगस्टला आपोटेकर यांनी एकाच दिवशी तीन गोष्टी जाहीर केल्या : वेबओएसची यंत्रे बंद, वैयक्तिक संगणकांचा विभाग वेगळा करण्याचा विचार, आणि ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी १० अब्ज डॉलरहून अधिक देऊन घेण्याचा निर्णय. दुसऱ्या दिवशी एचपीचा समभाग सुमारे २० टक्क्यांनी कोसळला.

९९ डॉलरचा हिशेब

आयएचएस आयसप्लाय या संस्थेने टचपॅड उघडून त्यातल्या भागांची किंमत काढली होती. ३२ जीबीच्या यंत्रात सुमारे ३१८ डॉलरचे भाग होते आणि १६ जीबीच्या यंत्राचा खर्चही ३०० च्या घरात जात होता. जुळणी, वाहतूक, जाहिरात, विक्रेत्याचा वाटा हे सगळे वेगळे. १६ जीबीचे यंत्र ९९ आणि ३२ जीबीचे १४९ डॉलरला विकताना एचपी प्रत्येक नगामागे दोनशे डॉलरच्या आसपास पदरचे घालत होती.

इथे एका गोष्टीत एचपीला न्याय द्यायला हवा. गोदामात आणि दुकानांत पडलेल्या मालावरचा खर्च होऊन गेलेला होता. जे यंत्र आपण पुढे चालवणारच नाही, त्याची किंमत दिवसेंदिवस घटतच जाणार. अशा वेळी ३०० डॉलर खर्च झाले म्हणून ३०० मागत बसण्याला अर्थ नसतो. पडेल भावाने का होईना, माल मोकळा करून विक्रेत्यांच्या अंगावरचे ओझे उतरवणे हा समंजस निर्णय होता. ३० ऑगस्टला मात्र कंपनीने मागणी पाहून आणखी एक खेप बनवण्याचे जाहीर केले. मागवलेल्या सुट्या भागांचे देणे काही झाले तरी चुकणार नसेल, तर ते भाग जोडून जे मिळेल ते पदरात पाडून घेण्यात हिशेब असू शकतो. तसा हिशेब नसेल, तर मुद्दाम तोट्यासाठी केलेल्या उत्पादनाचे समर्थन करणे अवघड आहे.

आता मूळ प्रश्न : या झुंबडीवरून मागणीबद्दल काय कळते? माझ्या मते फार थोडे. ९९ डॉलरला टचपॅड घेणाऱ्याला ठाऊक होते की यापुढे त्याला नवी ॲप मिळणे कठीण आहे आणि पुढचे मॉडेल येणारच नाही. तो पडदा, प्रोसेसर आणि बॅटरी विकत घेत होता. त्याचा पुरावा लगेच मिळाला, कारण ऑक्टोबरमध्ये स्वयंसेवी तंत्रज्ञांनी टचपॅडवर अँड्रॉइड चालवून दाखवले आणि अनेकांनी ते आनंदाने बसवून घेतले. ज्या कार्यप्रणालीसाठी एचपीने १ अब्ज २० कोटी डॉलर मोजले होते, ती बाजूला सारून यंत्र वापरले जात होते. एनपीडी या संस्थेने जानेवारी ते ऑक्टोबर २०११ या काळाची अमेरिकेतली किरकोळ विक्री मोजली, तेव्हा आयपॅड वगळता उरलेल्या १२ लाख टॅब्लेटमध्ये १७ टक्के वाटा घेऊन एचपी पहिली आली. तिच्या मागे सॅमसंग १६ टक्क्यांवर होती. मैदान सोडून गेलेला खेळाडू पहिला ठरावा, यातच उरलेल्यांची अवस्था दिसते.

४९९ आणि ९९ यांच्यातल्या ४०० डॉलरांकडे मी वेगळ्या दृष्टीने बघतो. टॅब्लेट घेणारा एका वस्तूबरोबर पुढच्या तीन-चार वर्षांचा शब्दही विकत घेतो : ॲप येत राहतील, चुका दुरुस्त होतील, कंपनी पाठीशी असेल. ॲपलच्या ४९९ मध्ये हा शब्द धरलेला होता आणि आधीच्या विक्रीमुळे त्यावर विश्वासही बसत होता. एचपीने त्या शब्दाचे पैसे मागितले, पण तो पाळला जाईल असे वाटायला कारण दिले नाही. १८ ऑगस्टला तो शब्द अधिकृतपणे मागे घेतला गेला आणि उरली ती नुसत्या यंत्राची किंमत.

शाई नसलेला प्रिंटर

मग तोटा सोसून विकणे हा मार्गच चुकीचा होता का? नाही. २८ सप्टेंबर २०११ रोजी ॲमेझॉनने ७ इंची किंडल फायर १९९ डॉलरला जाहीर केला. आयसप्लायच्या अंदाजाप्रमाणे तो बनवायलाच २०० डॉलरहून थोडे अधिक लागत होते. पण किंडल फायर घेणारा माणूस पुस्तके, चित्रपट आणि इतर खरेदीसाठी ॲमेझॉनकडेच येणार होता. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही पद्धत होती, आणि कोहळा कुठे आहे हे ॲमेझॉनला पक्के माहीत होते.

या प्रकरणातली मला सर्वांत जास्त चुटपुट लावणारी गोष्ट ही आहे की ही पद्धत एचपीइतकी क्वचितच कोणाला ठाऊक होती. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि वर्षानुवर्षे शाईवर कमवायचे, यावर तिचा छपाईचा विभाग उभा होता आणि कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा तिथूनच येत असे. टचपॅडला मात्र शाई नव्हती. ना पुस्तकांचे दुकान, ना संगीताचे, ना भरभरून चालणारे ॲपचे. ते उभे राहायला ग्राहकसंख्या हवी होती, आणि ग्राहकसंख्येसाठी पहिली काही वर्षे पैसा ओतावा लागणार होता.

समजा, १ जुलैलाच टचपॅड २९९ डॉलरला आला असता आणि प्रत्येक नगामागे १०० डॉलरचा तोटा झाला असता. वीस लाख नगांवर तो २० कोटी डॉलर होतो. वेबओएसचा धंदा गुंडाळल्यावर एचपीला पामच्या खरेदीपैकी सुमारे ८८ कोटी ५० लाख डॉलरचे मूल्य हिशेबवहीतून पुसावे लागले, आणि पुरवठादारांची देणी व विक्रेत्यांना दिलेल्या सवलती याहून वेगळ्या. या आकड्यांशेजारी २० कोटी मोठे वाटत नाहीत. यश मिळालेच असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. प्लेबुकची किंमतही नोव्हेंबरमध्ये १९९ डॉलरपर्यंत उतरली, तरी २ डिसेंबरला रिसर्च इन मोशनला पडून राहिलेल्या साठ्यापोटी ४८ कोटी ५० लाख डॉलरचा फटका जाहीर करावा लागला. पण तोटा सोसायचाच होता, तर तो ग्राहक जोडण्यासाठी सोसता आला असता. एचपीने तो सोसला तेव्हा ग्राहक नकोत असे ती जाहीर करून बसली होती. दराच्या चिठ्ठीपेक्षा तिची तारीख अधिक चुकली.

पुढचा काळ थोडक्यात सांगता येतो. गूगलने आसुसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ जून २०१२ मध्ये १९९ डॉलरलाच जाहीर केला आणि लहान टॅब्लेटचा भाव त्या आकड्याशी बांधला गेला. ॲपलने मार्च २०१२ मध्ये आयपॅड २ ची किंमत ३९९ वर आणली होती. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या आयपॅड मिनीची किंमत मात्र तिने ३२९ ठेवली, १९९ च्या पाठीमागे ती धावली नाही.

एचपीमध्ये आपोटेकर यांना २२ सप्टेंबर २०११ रोजी पदावरून दूर करून मेग व्हिटमन यांना आणण्यात आले. संगणक विभाग वेगळा करण्याचा विचार ऑक्टोबरमध्ये सोडून देण्यात आला, आणि ९ डिसेंबरला वेबओएस मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशी, करण्याचे जाहीर झाले. दोन दिवसांनी, ११ डिसेंबरला, दुरुस्त केलेल्या टचपॅडचा एक साठा ईबेवर पुन्हा त्याच ९९ आणि १४९ डॉलरला निघाला आणि संपला. फेब्रुवारी २०१३ मध्ये वेबओएस एलजीने घेतली. आपल्याकडच्या घराघरांतल्या एलजीच्या स्मार्ट टीव्हींवर आज जी वेबओएस चालते ती हीच, आणि तिथे तिची किंमत वेगळी मोजली जात नाही. ती टीव्हीच्या किमतीतच येते.